पाठीवरचा पेट्रोल ब्लोअर, दोन उन्हाळे वापरल्यानंतर (ज्यांच्या पाड्याला एकच रस्ता आहे त्यांच्यासाठी)

आधी किंमत सांगते, कारण सगळे पहिलं तेच विचारतात. १८,५०० रुपये पडले, त्यात दुकानदाराने टू-टी ऑइलची एक बाटली आणि एक चष्मा वरून दिला. पैसे माझ्या एकटीचे नाहीत, निम्मे आमच्या घरचे आणि निम्मे पाड्यावरच्या घरांनी दोनशे-तीनशे करून जमवले, म्हणून हे लिहिताना मला जरा जास्तच जबाबदारी वाटतेय.

नाशकात ब्लोअर म्हटलं की दुकानात ट्रॅक्टरच्या मागे लावायचा, द्राक्षबागेत फवारणी करायचा तो ब्लोअर दाखवतात. तो नाही. हा पाठीला अडकवायचा, टू-स्ट्रोक इंजिन, पुढे हत्तीच्या सोंडेसारखा पाइप, यात पाणी नाही की औषध नाही, फक्त जोराचा वारा. वणव्याच्या दिवसात फॉरेस्टच्या गार्ड लोकांच्या पाठीवर हेच मशीन असतं, आम्हीही तिथेच पहिल्यांदा बघितलं.

आम्ही राहतो सातपूरला, पण शेत आणि जुनं घर त्र्यंबकच्या पुढे डोंगराच्या कुशीत आहे, तिथे सासूसासरे बारा महिने राहतात. आण्णांना गुडघ्याचा त्रास, आईंना कमी दिसतं, पण नाशकात दोघं चार दिवसाच्या वर टिकत नाहीत. पाड्यावर चाळीसेक घरं, रस्ता एकच, मेन रोडपासून आत साधारण चार किलोमीटर, त्यातला मधला दीड किलोमीटर अगदी सागाच्या आणि कुसळी गवताच्या मधून जातो आणि एका बाजूला चढ, दुसऱ्या बाजूला नाला. दुसरी वाट आहे, पण ती पायवाट आणि ती चढून खिंडीतून पलीकडच्या गावात उतरते. उन्हाळ्यात त्या वाटेकडे बघून मला आता भीती वाटते, का ते पुढे येईल.

तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये रात्री नऊच्या सुमारास दिरांचा फोन आला, डोंगर पेटलाय आणि आग खाली येतेय. मी आणि हे गाडी काढून निघालो. डोंगर पेटणं आमच्याकडे नवीन नाही, लहानपणापासून सगळेच बघतात, रात्री लांबून डोंगरावर सोन्याची साखळी घातल्यासारखं दिसतं आणि लोक अंगणात बसून बघतात, विझेल सकाळपर्यंत म्हणतात. त्या रात्री आम्ही आतल्या रस्त्याला लागलो आणि मोरीपर्यंत, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायला बांधलेल्या छोट्या पुलापर्यंत, पोचलो तर समोर रस्त्याच्या दोन्ही बाजूला आग, मधे धूर इतका की हेडलाइट पांढऱ्या भिंतीवर पडल्यासारखा, आणि त्या धुरातून एक मुलगा मोटरसायकलवर बाहेर आला, त्याच्या भुवया जळालेल्या. तो म्हणाला ताई पुढे जाऊ नका, साग पडलाय आडवा. आम्ही मोरीवर दोन तास उभे राहिलो. पलीकडे आई-आण्णा आणि चाळीस घरं, आणि आमच्यामध्ये चार-पाचशे मीटर. फोनला रेंज येत-जात होती. ते दोन तास मी अजून विसरलेले नाही.

माणूस गेलं नाही. गोठा गेला, दोन गंज्या गेल्या, केशर आंब्याची तेवीस झाडं होरपळली, एका म्हातारबाबांचे पाय भाजले. आग कुठून लागली ते नंतर कळलं, राब भाजताना एकाच्या हातून सुटली होती आणि त्या माणसाने केस होईल या भीतीने तासभर कुणाला सांगितलंच नाही, एकटाच डहाळी घेऊन झोडपत राहिला. मी त्याच्यावर चिडले नाही, राब भाजल्याशिवाय आपल्याकडे भात-नागलीचं रोप होत नाही असं पिढ्यानपिढ्या चालत आलंय आणि राखीव जंगलात आग लावणं कायद्याने गुन्हा आहे हे पण सगळ्यांना माहितीये, त्यामुळे चूक झाली की पहिला विचार लपवायचा येतो. पण तो एक तास फार महाग पडला. आता पाड्यावर ठरलंय की राब भाजायचा तर आदल्या दिवशी पोलीस पाटलांना सांगायचं, वारं पडलेलं असताना पहाटे भाजायचा, आणि सुटली तर आधी ओरडायचं, कोण काय म्हणेल ते नंतर.

माझी मावसबहीण ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात राहते, मेलबर्नच्या पूर्वेला डँडेनाँगचे डोंगर आहेत त्यांच्या पायथ्याशी. दुसऱ्या दिवशी मी तिला व्हिडिओ कॉलवर जळालेली झाडं दाखवत होते, तर तिने झाडांचं काहीच विचारलं नाही, पहिला प्रश्न केला, "बाहेर पडायला रस्ते किती?" म्हटलं एक. ती थोडा वेळ गप्प झाली आणि मग तिने जे सांगितलं त्यावरून आमची पुढची सगळी खरेदी ठरली, म्हणून ते इथे लिहिते.

तिकडे ७ फेब्रुवारी २००९ ला एका दिवसात १७३ माणसं वणव्यात गेली, ब्लॅक सॅटर्डे म्हणतात त्याला, त्या दिवशी मेलबर्नमध्ये ४६.४ डिग्री होतं. तोपर्यंत लोकांना सांगायचे की एकतर तयारीनिशी घरी थांबून घर वाचवा नाहीतर लवकर निघा. त्या दिवसानंतर सांगणं बदललं, आता लवकर निघणं हेच सगळ्यात सुरक्षित असं सांगतात, आणि लवकर म्हणजे धूर दिसल्यावर नाही, दिवस वाईट आहे असं कळल्यावर सकाळीच. बहीण सांगते, धोक्याच्या चार पायऱ्या असतात, सगळ्यात वरची कॅटस्ट्रॉफिक, तसं जाहीर झालं की ती मुलाला आणि कुत्र्याला घेऊन शहरात मैत्रिणीकडे जाते, कुठेही आग लागलेली नसली तरी. दहातल्या नऊ वेळा काहीच होत नाही आणि ती संध्याकाळी परत येते.

मल्लकूटा नावाचं एक गाव आहे तिकडे समुद्रकाठी, त्याला पण जंगलातून जाणारा एकच मोठा रस्ता. ३१ डिसेंबर २०१९ ला सकाळी तिथे आकाश काळं झालं आणि मग लाल. रस्ता आधीच बंद. साधारण चार हजार लोक, त्यात कितीतरी सुट्टीला आलेले, पाण्याच्या काठावर जाऊन थांबले, वारं ऐनवेळी फिरलं म्हणून वाचले, आणि नंतर नौदलाच्या जहाजातून हजारावर लोकांना बाहेर काढावं लागलं. पोर्तुगालमध्ये १७ जून २०१७ ला पेद्रोगाओ ग्रांदे भागात ६६ माणसं गेली, त्यातली ४७ एकाच रस्त्यावर, पळून जाताना. कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज नावाचं गाव डोंगराच्या सोंडेवर, खाली उतरायला मोजके रस्ते, ८ नोव्हेंबर २०१८ ला सगळे एकदम निघाले आणि गाड्या अडकल्या, त्या आगीत ८५ गेले. हे ऐकताना मला आमची मोरी दिसत होती. आम्ही त्या रात्री थोडं धाडस केलं असतं, गाडी पुढे घातली असती, तर?

म्हणजे ज्या ठिकाणी रस्ता एकच आहे तिथे उशिरा पळणं हा उपाय नाही. तिथे दोनच गोष्टी खऱ्या, एक म्हणजे आधीच निघणं आणि दुसरी म्हणजे निघता आलं नाही तर उभं राहायला मोकळी, उघडी, जिथे जळण्यासारखं काही नाही अशी जागा. व्हिक्टोरियात अशा जागा सरकार ठरवून देतं, त्यांना शेवटचा आसरा म्हणतात, आणि तिथे बोर्डावरच लिहिलेलं असतं की जिवाची खात्री नाही, पण बाकी काही उरलं नाही तर इथे या. पोर्तुगालने २०१७ नंतर गावोगावी एक जबाबदार माणूस आणि एक आसऱ्याची जागा ठरवायचा कार्यक्रमच काढला.

ब्लोअर आम्ही ह्यासाठी घेतला, रस्त्याकडेचा आणि अशा मोकळ्या जागेचा पाला आधीच उडवून ठेवायला. आग विझवायला नाही. मला कळवळून सांगायचंय, कारण गेल्या मार्चपासून चार-पाच पाड्यांवरून लोक बघायला आले आणि प्रत्येकाने विचारलं की ह्याने आग किती लांबून विझते. तसं समजून घेऊ नका. ह्या मशीनचं नव्वद टक्के काम फेब्रुवारीत होतं, आग नसताना.

आता मशीनबद्दल. पेट्रोल भरून अकरा किलोच्या आसपास वजन होतं. लिटरला २५ मिली टू-टी ऑइल घालायचं असं आमच्या मशीनच्या पुस्तकात आहे, प्रत्येकाचं वेगळं असू शकतं, पुस्तक बघा, आणि साधं पेट्रोल घालून चालवायचा मोह कुणालाही होऊ देऊ नका, पिस्टन गेलाच समजा. एका टाकीत फुल रेसवर तासभर जातं. तेवढ्या वेळात सागाचा पाला असेल तर तीन मीटर रुंदीचा पट्टा पाऊण किलोमीटर साफ होतो, अगदी लाल माती दिसेपर्यंत. हेच काम आधी खराट्याने आठ बायका दिवसभर करायच्या, आणि दुसऱ्या दिवशी हात वर होत नसे. ह्या एका गोष्टीसाठी मी मशीनला पैकीच्या पैकी देते.

पण गवत. उभं कुसळी गवत ह्याने हलतं, निघत नाही. ते आधी विळ्याने नाहीतर ग्रास कटरने कापायचं, मग कापलेलं ह्याने उडवायचं. म्हणजे ज्यांच्या रस्त्याला साग कमी आणि गवत जास्त आहे त्यांनी आधी ग्रास कटर घ्यावा, ब्लोअर नंतर. दुकानदार हे सांगणार नाही. आणि सागाची दुसरी गंमत अशी की जानेवारीपासून मार्चपर्यंत पानं पडतच राहतात, तुम्ही संक्रांतीनंतर पट्टा साफ केला की महाशिवरात्रीपर्यंत पुन्हा घोट्याएवढा पाला. पहिल्या वर्षी आम्ही एकदाच केलं आणि निवांत झालो, ते चुकलं. आता दर पंधरा-वीस दिवसांनी, रविवारी, मार्च संपेपर्यंत.

आम्ही रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी तीन-तीन मीटर करतो. फॉरेस्टच्या हद्दीत आपण आपल्या मनाने जाळरेषा काढायला जाऊ नये, गार्ड साहेबांना विचारून, त्यांच्यासमोर केलं, त्यांनीच दाखवलं की पाला कुठल्या बाजूला उडवायचा. रस्त्याकडे नाही आणि ढीग करून पण नाही, पातळ पसरून आत. ढीग झाला की तोच पेटतो आणि पट्टा ओलांडून ठिणगी इकडे.

दुसरं मोठं काम खळ्याचं. आमच्या शाळेच्या मागे भाताचं सामाईक खळं आहे, चोपून सारवलेली जमीन, शेजारी शाळेचं मैदान, हापसा पण तिथेच. हीच आमची शेवटची जागा ठरली. अमेरिकेत जंगलातली आग विझवणाऱ्या लोकांचा एक हिशोब आहे, बहिणीनेच पाठवला, की आपण उभे आहोत तिथून आग ज्वाळेच्या उंचीच्या निदान चौपट लांब पाहिजे, आणि हे सपाटीवर, वारं नसताना, चढावर आणि वाऱ्यात त्याहून जास्त. कारण माणूस ज्वाळेला हात लागून जात नाही, लांबून येणाऱ्या धगीनेच जातो. आमच्याकडे गवत कंबरेच्या वर, ते पेटलं की ज्वाळा सहज दोन पुरुष उंच. त्या हिशोबाने आम्ही खळ्याभोवती चारी बाजूंनी जमेल तेवढं मागे साफ करत नेलं, चाळीस घरांची माणसं आणि गुरं मावतील एवढं. गंज्या तिथे रचायची सवय होती ती मोडायला सगळ्यात जास्त भांडणं झाली. गंजी आता नाल्यापलीकडे.

तिसरं घराचं. कौलांच्या सांध्यात, पन्हाळीत, पडवीच्या वासावर वर्षभराचा पाला साचलेला असतो आणि आपल्याला वाटतं आग जमिनीवरून चालत येईल तेव्हा बघू. ती चालत यायच्या आधी ठिणग्या उडत येतात, वाऱ्यावर कितीतरी लांब, ऑस्ट्रेलियात बरीचशी घरं ज्वाळेने नाही, अशा ठिणग्यांनीच पेटतात. आमचा गोठा पण तसाच गेला होता, आग अजून बांधावर होती आणि गोठ्याचा पेंढा धुमसायला लागला होता. ब्लोअरने कौलं छान साफ होतात पण रेस कमी ठेवा, फुल रेसला मंगलोरी कौल उचललं जातं आणि आमची सहा फुटली. साध्या हाताच्या कौलांवर तर लावूच नका, तिथे केरसुणीच.

प्रत्यक्ष आगीत हे मशीन काढायची वेळ दोनदा आली, वापरलं एकदाच. पहिल्यांदा गेल्या मार्चमध्ये, सागाखालचा पाला जळत होता, ज्वाळा गुडघ्याच्या खाली, वारं नव्हतं. तिथे ह्याने कमाल केली, खरंच. समोरून पाइप मारून जळता पाला मागे, जळून गेलेल्या बाजूला ढकलायचा, म्हणजे पुढे आगीला खायला काही राहत नाही. दीर पाठीवर मशीन घेऊन, त्यांच्यामागे दोघं ओल्या डहाळ्या घेऊन राहिलेलं झोडपणारे, आणि एक माणूस काहीही काम न करता फक्त वाऱ्याकडे आणि परतीच्या वाटेकडे बघणारा. हा चौथा माणूस पाहिजेच. काम करणाऱ्याला कानावर इंजिनच्या आवाजाने काही ऐकू येत नाही आणि धुरात दिसत नाही, त्याला मागून खांद्याला हात लावून सांगावं लागतं की चला.

दुसऱ्यांदा एप्रिलमध्ये गवत पेटलं होतं, दुपारी तीन वाजता, चढाच्या बाजूला. आमच्यातली दोन पोरं उत्साहाने मशीन घेऊन निघाली आणि गार्ड साहेबांनी त्यांना अक्षरशः दंड धरून थांबवलं. उभ्या गवताच्या आगीवर हवा मारली की ठिणग्या पुढे न जळलेल्या गवतात जाऊन पडतात, आग विझायची सोडून वाढते. आणि चढावर आग वेगाने धावते, चढ दर दहा अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट होतो असं मानतात, कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवून ठेवते. दुपारी डोंगरात वारं पण खालून वर वाहतं. म्हणून म्हटलं की ती खिंडीची पायवाट मला नको वाटते, आग खाली असताना वर पळणं म्हणजे तिच्याशी शर्यत, ती आपण हरणार. हरिहरला किंवा अशाच गडांवर मार्च-एप्रिलमध्ये जाणाऱ्यांनी पण हे लक्षात ठेवा, हरिहरच्या कातळातल्या पायऱ्या एका वेळी एकच माणूस जाईल इतक्या अरुंद आहेत. ११ मार्च २०१८ ला तमिळनाडूत थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकला गेलेले वीसपेक्षा जास्त लोक गवताच्या आगीत सापडून गेले, बहुतेक तरुण.

त्या दिवशी आम्ही मशीन खाली ठेवलं आणि सगळ्यांनी मिळून माणसं आणि गुरं खळ्यावर आणली. शाळेची घंटा वाजवायची असं ठरलेलं होतं, ती वाजली. वीस मिनिटात सगळे आले, आई-आण्णांना एका पोराने मोटरसायकलवर आणलं. आग रस्त्याच्या साफ केलेल्या पट्ट्यापर्यंत आली आणि बऱ्याच लांबीत तिथेच थांबली, दोन ठिकाणी ओलांडली, तिथे डहाळ्यांनी आणि द्राक्षवाल्यांकडून आणलेल्या बॅटरी पंपांच्या पाण्याने विझवली. रस्ता पाऊण तासात मोकळा झाला. मी तेव्हा नाशकात होते, ऑफिसमधून निघून मोरीपर्यंत आले आणि ह्या वेळी मोरीवरून गाडी सरळ आत गेली, दोन्ही बाजूला राख आणि मधे डांबर. मी रडले गाडीत.

मशीनमधले दोष आता. पट्टे वाईट आहेत, खांद्याला कापतात, आईंनी जुन्या गोधडीचे तुकडे शिवून दिले मग बरं झालं. बाईमाणसाला मशीन चालवता येतं, मी चालवते, पण वीस-पंचवीस मिनिटांच्या वर नाही, नंतर पाठ आणि मनगट दोन्ही बोलतात, थरथर फार आहे. स्टार्टरची दोरी पहिल्याच सीझनमध्ये तुटली. दुकानात गेलो तर स्पेअर नाही, पंधरा दिवसांनी या म्हणाले, मार्चमध्ये पंधरा दिवस, शेवटी आमच्याच पाड्यावरच्या मोटरसायकल मेकॅनिकने नायलॉनची दोरी भरून दिली आणि तीच आजपर्यंत चालतेय. तेव्हा घेताना दोरी, प्लग आणि एअर फिल्टर हे तीन स्पेअर त्याच दिवशी बिलात घालून घ्या. धुळीत एअर फिल्टर रोज झटकावा लागतो. पावसाळ्यात टाकीत पेट्रोल ठेवून दिलं तर कार्बोरेटर चोक होतो, जूनमध्ये टाकी रिकामी करून, इंजिन बंद पडेपर्यंत चालवून मगच ठेवा.

सायलेन्सर तापतो. हे अधोरेखित करा. गरम मशीन सुक्या गवतावर ठेवलं तर तुम्हीच वणवा लावाल. आम्ही एक पत्रा बरोबर ठेवतो, मशीन फक्त पत्र्यावर किंवा उघड्या मातीवर. पेट्रोल भरताना इंजिन बंद करून थंड होऊ द्यायचं, आणि पेट्रोलचा कॅन आगीच्या जवळ कधीच न्यायचा नाही, तो रस्त्यावर, एका माणसाच्या ताब्यात. कानात बोळे किंवा इअरमफ, डोळ्याला चष्मा, अंगात पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट. टीशर्ट, ट्रॅक पँट, सिंथेटिक साडी चालणार नाही, ते वितळून अंगाला चिकटतं. बहिणीच्या गाडीत उन्हाळाभर लोकरीची ब्लँकेट असतात, धग अडवायला, तिने विचारलं तुमच्याकडे मिळतात का. आण्णांनी खुंटीवरची घोंगडी काढून कॅमेऱ्यासमोर धरली. आता खळ्यावरच्या शाळेच्या खोलीत दहा घोंगड्या पिंपाशेजारी ठेवल्यात.

हजार-दोन हजाराचे ऑनलाइन मिळणारे हातातले इलेक्ट्रिक ब्लोअर येतात, ते पण एकाने आणून बघितले. कॉम्प्युटरची धूळ उडवायला ठीक, ओल्या-सुक्या सागाच्या पानाला ते हलवत पण नाहीत. पैसे घालवू नका.

मशीनच्या बरोबरीने फोनवर आगीची सूचना येते ती पण घ्या, फुकट आहे. देहरादूनची फॉरेस्ट सर्व्हे ऑफ इंडिया उपग्रहावरून आगीचे ठिपके बघून मोबाइलवर मेसेज पाठवते, वन अग्नि पोर्टलवर नाव नोंदवायचं, आणि नासाची फर्म्स म्हणून सेवा आहे ती ईमेल करते. उपयोगी आहे, पण ती कशी चालते ते समजून घ्या. ज्या उपग्रहावर ३७५ मीटरचा सेन्सर आहे तो आपल्यावरून दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास जातो, म्हणजे चार वाजता पेटलेली आग त्याला रात्रीच दिसणार. शेजारच्या डोंगराला काल रात्री आग होती हे सकाळी कळतं, त्यावरून आजचा दिवस सावध काढता येतो, एवढाच त्याचा उपयोग. आपल्या डोंगराची आग आपल्याच डोळ्यांना आधी दिसते, तेव्हा वनखात्याचा १९२६ आणि ११२ हे दोन नंबर शाळेच्या भिंतीवर मोठ्या आकड्यात रंगवून घ्या, आम्ही घेतलेत. रेंज कुठे येते तो दगड पण पोरांना माहिती पाहिजे.

मोहाचं पण लिहायचं राहिलं. मार्चअखेरीपासून मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि ती आग सुटते. आम्ही दोन गोष्टी केल्या, ज्यांची मोहाची झाडं आहेत त्यांच्या झाडाखालचा पाला ब्लोअरने उडवून देतो, एका झाडाला पाच मिनिटं पण लागत नाहीत, आणि द्राक्षबागेला बांधलेल्या जुन्या साड्या निफाडकडून गठ्ठ्याने आणल्या, त्या खाली अंथरायच्या. फुलं स्वच्छ मिळतात, मातीची नाहीत, त्यामुळे बायकांनी हे लगेच उचललं. गेल्या वर्षी आमच्या बाजूच्या मोहाखाली एकही काडी पेटली नाही.

जे झालं नाही ते पण सांगते. लवकर निघायचं हे अजून जमलेलं नाही. मोहाचा, करवंदाचा सीझन, गुरं, लग्नसराई, कोण पाडा सोडून जाणार, आणि कुठे. आण्णांना मी एप्रिल-मे नाशकात काढा म्हणून दोन वर्षं विनवतेय, ते म्हणतात गुरं कोण बघेल. तडजोड एवढीच झालीये की ज्या दिवशी उकाडा फार आणि वारं सुटलंय त्या दिवशी दुपारी दोघं जण शाळेशेजारच्या चुलतदिरांकडे येऊन बसतात, आणि पाड्यावरच्या आठ म्हाताऱ्या माणसांची आणि दोन गरोदर बायांची यादी आशाताईंकडे असते, कोणाला कोण आणणार नावानिशी. दुसरा रस्ता मिळावा म्हणून ग्रामसभेत ठराव झालाय. तो होईपर्यंत हा चार किलोमीटर साफ ठेवणं आमच्या हातात आहे.

पाचपैकी चार देते. एक कापला तो दोरी, पट्टे आणि स्पेअरसाठी. ज्यांच्या रस्त्याला साग आहे, निदान चार धडधाकट माणसं आहेत आणि जे दर पंधरा दिवसांनी रविवार देऊ शकतात, त्यांनी बिनधास्त घ्यावा, आणि एकट्याने नाही, पाड्याने मिळून घ्यावा, एका घरात पडून राहिला तर काही उपयोग नाही. बघून घ्यायचा असेल तर संक्रांतीनंतरच्या कुठल्याही रविवारी सकाळी सातला मोरीवर या, काम तिथूनच सुरू होतं. सुती कपडे घालून या आणि दोरी एकदा स्वतः ओढून बघा, वजन पाठीवर घेऊन शंभर पावलं चाला, मगच दुकानात जा.